करवंद, भारंगी, गुळवेल आणि कळक: संजीवक लावून रानातल्या झाडांची छाटकलमं

बांधावरच्या एखाद्या जाळीची करवंदं टपोरी आणि गोड असतात, शेजारच्या जाळीची आंबटढाण. गोड करवंदाचं बी पेरलं तर रोपं गोड निघतीलच असं नाही, कारण बियांत दुसऱ्या झाडाचा परागही आलेला असतो. ती जाळी रस्ता रुंद करताना उखडली गेली की ती चव कायमची गेली. ती टिकवायची असेल तर त्याच झाडाचा तुकडा जगवावा लागतो. छाटकलम म्हणजे तेच: काडी कापायची, तिला मुळ्या फुटवायच्या आणि नवं झाड उभं करायचं. वेगळी जात नाही, तेच झाड दुसऱ्या जागी.

सगळ्या रानभाज्यांना याची गरज नाही. टाकळा, कुरडू, कवळा बियांवर येतात. शेवळं कंदावर येतात, त्यांची काडी लावून काही होत नाही. मायाळूची वेल पाण्याच्या पेल्यातही मुळ्या सोडते, तिला संजीवक, म्हणजे मुळ्या फुटवणारं औषध, लावणं म्हणजे ते वाया घालवणं. संजीवकाचा खरा उपयोग लाकूड धरणाऱ्या झुडपांना आणि वेलींना होतो. इथे चार झाडं घेतली आहेत: सोपी गुळवेल, मधली भारंगी, हट्टी करवंद आणि सगळ्यांहून वेगळ्या पद्धतीनं लागणारा कळक, म्हणजे काटस बांबू, ज्याचे कोंब पावसाळ्यात भाजीला येतात.

संजीवक काय करतं आणि काय करत नाही

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेनं वाहतं. काडी कापली की ते खालच्या कापाशी येऊन साचतं. तिथल्या सालीलगतच्या पेशींना त्यामुळे मुळं बनण्याचा इशारा मिळतो. गुळवेलीसारख्या झाडात हा साठा पुरेसा असतो, करवंदात तो कमी पडतो. बाहेरून लावलेलं संजीवक ती उणीव भरून काढतं.

आपण वापरतो ते आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड. १९३५ साली अमेरिकेतल्या बॉयस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी त्याचा मुळ्या फुटण्यावरचा परिणाम दाखवला आणि आजही रोपवाटिकांचा भर त्यावरच आहे. झाडाचं मूळचं ऑक्सिन आयएए उजेडात आणि काडीतल्या विकरांनी लवकर मोडतं, आयबीए जास्त टिकतं. तिसरं ऑक्सिन एनएए, म्हणजे नॅफ्थॅलिन ॲसिटिक ॲसिड. ते जोरकस आहे, पण मात्रा थोडी वाढली तरी काडी जाळतं. बांबूला मात्र तेच बरं पडतं.

संजीवक अन्न नाही. काडीत साठवलेलं पिष्ट नसेल, काडी वाळलेली असेल किंवा चुकीच्या महिन्यात घेतली असेल, तर कितीही मात्रा दिली तरी मुळी येत नाही. ज्या काडीत मुळ्या फुटायची ताकद आहे तिच्यात त्या लवकर, जास्त आणि सारख्या फुटाव्यात, एवढंच त्याचं काम. म्हणून बाटली विकत घेण्याआधी आईझाड तयार करायला हवं.

आईझाड: चार महिने आधीची तयारी

बहुतेकांची कलमं इथेच फसतात. जून उजाडला की जुन्या जाळीवरची जाड, खरखरीत फांदी कापून आणली जाते. ती फांदी म्हातारी असते. झाड जसं वयानं वाढतं तशी त्याच्या वरच्या फांद्यांची मुळ्या फुटण्याची क्षमता घटते. बुंध्याजवळून, जमिनीलगत आलेले नवे फुटवे मात्र तरुणासारखे वागतात.

त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, फळं-फुलं नसलेल्या दोन-चार फांद्या जमिनीपासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर छाटून ठेवा. सगळी जाळी छाटू नका, तिला त्या वर्षीची फळं धरू द्या. शक्य असेल तर बुडाला आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी द्या. मे-जूनपर्यंत तिथून सरळ, जोमदार फुटवे येतात. आपल्या काड्या त्या.

काडी निवडताना तीन गोष्टी पाहा. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी. रंग खालून तपकिरी, वरून हिरवा, म्हणजे लाकूड अर्धं पिकलेलं. आणि वाकवून पाहिली तर काडी लवते, पण जास्त वाकवल्यावर कट्कन मोडते. नुसतीच लवली तर कोवळी आहे, कुजेल. लवलीच नाही तर जून आहे, तिला वेळही जास्त लागेल आणि मात्राही. नखानं साल किंचित खरवडली की आत ओला हिरवा थर दिसायला हवा.

फुलं किंवा फळं असलेली काडी घेऊ नका. तिचं अन्न तिकडे गेलेलं असतं. घ्यावीच लागली तर फुलं-कळ्या सगळ्या खुडा.

काड्या सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान कापा, तेव्हा त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली काडी फेकून दिलेली बरी.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काडीही आणता येत नाही. राखीव वनातून आणायची तर वनविभागाची परवानगी लागते. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे आधी ग्रामसभेला विचारा. बांध, गायरानाची कड, स्वतःचं शेत इथली झाडं बहुधा पुरतात. एका झाडावरून एका हंगामात पाचव्या हिश्श्याहून जास्त फुटवे घेऊ नका.

द्रावण: वजनकाट्याशिवाय बिनचूक मात्रा

पीपीएम म्हणजे एक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम. २००० पीपीएमचं १०० मिली द्रावण करायला २०० मिलिग्रॅम आयबीए लागतं. एवढं वजन घरच्या काट्यावर नीट होत नाही. खिशात मावणाऱ्या स्वस्त डिजिटल काट्यावरही २०० मिलिग्रॅमला बरीच चूक होते. त्यावर साधा उपाय आहे.

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध आयबीएची १ ग्रॅमची बाटली घ्या. भुकटी बाटलीतून न काढता तिच्यातच थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, हलवून विरघळवा आणि काचेच्या मोजपात्रात ओता. बाटली दोन-तीनदा अल्कोहोलनंच विसळून तेही त्यात घाला आणि अल्कोहोलनं एकूण ५० मिली करा. हे झालं मूळ द्रावण: १ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० पीपीएम. पुढचं सगळं सिरिंजनं मोजता येतं.

१०० मिली वापराचं द्रावण असं करा:

- ५०० पीपीएम: मूळ द्रावण २.५ मिली, अल्कोहोल ४७.५ मिली, पाणी ५० मिली
- १००० पीपीएम: ५ मिली, ४५ मिली, ५० मिली
- २००० पीपीएम: १० मिली, ४० मिली, ५० मिली
- ३००० पीपीएम: १५ मिली, ३५ मिली, ५० मिली
- ५००० पीपीएम: २५ मिली, २५ मिली, ५० मिली

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ द्रावण आणि अल्कोहोल एकत्र करा, मग पाणी हळूहळू घाला. आयबीए पाण्यात फार कमी विरघळतं. पाणी एकदम ओतलं किंवा अल्कोहोल कमी पडलं तर द्रावण दुधासारखं होतं. तसं झालं तर औषध कणांच्या रूपात बाहेर पडलं आहे आणि काडीला सारखं लागणार नाही. थोडं अल्कोहोल वाढवून पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ढवळा. पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरचं नको. हात धुवायचं जेल सॅनिटायझर अल्कोहोलच्या जागी चालत नाही, त्यात घट्ट करणारे पदार्थ असतात.

अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीपासून, गॅसपासून लांब बसा. हातमोजे घाला, हे रसायन आहे. गडद रंगाच्या बाटलीवर नाव, मात्रा आणि तारीख लिहा, झाकण घट्ट लावा आणि ती बाटली बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. वापराचं द्रावण एका हंगामात संपवा.

भुकटी हवी असेल तर २००० पीपीएमसाठी मूळ द्रावणाचे १० मिली घ्या, त्यात ६० ते ७० मिली अल्कोहोल मिसळा आणि १०० ग्रॅम बिनवासाच्या शंखजिऱ्यात ओतून लापशी करा. सावलीत पसरून, अधूनमधून ढवळत पूर्ण सुकवा आणि बारीक करा. भुकटी हाताळायला सोपी, पण प्रत्येक काडीला कमी-जास्त चिकटते. मोजून काम करायचं असेल तर द्रावणच चांगलं.

शहाळ्याचं पाणी, मध, दालचिनी, कोरफड असे उपाय बरेच सांगितले जातात. कोरफडीचा गर लावून काडीचं नुकसान होत नाही, पण तो आयबीएची जागा घेत नाही. शहाळ्याच्या पाण्यात सायटोकायनिन असतं. ते कोंब फुटायला मदत करतं, मुळ्यांच्या मात्र ते विरोधात जातं. त्यातली साखर बुरशीला आमंत्रण देते ते वेगळंच.

वाफा आणि झाकण

माध्यमाचं काम एवढंच: काडी उभी धरायची, ओल ठेवायची आणि हवा जाऊ द्यायची. धुतलेली जाड वाळू आणि दोनदा पाण्यात भिजवून पिळलेलं कोकोपीट समप्रमाणात घ्या. कोकणात पावसाळ्यात हवेतच ओल असते, तिथे वाळू दोन भाग ठेवा. शेणखत, गांडूळखत, नुसती माती यातलं काही घालू नका. मुळ्या नसलेली काडी खत खाऊ शकत नाही, बुरशी मात्र खाते.

माध्यम निर्जंतुक करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली घट्ट झाकून चार आठवडे ठेवा. वेळ नसेल तर उकळतं पाणी दोनदा ओता आणि पूर्ण गार होऊ द्या.

खोली १२ ते १५ सेंटीमीटर हवी, म्हणजे क्रेट किंवा मोठी पिशवी चालते, फक्त तळाला भोकं भरपूर हवीत. त्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून पारदर्शक प्लास्टिक टाका आणि त्याच्या वर ५० ते ७५ टक्के सावलीची जाळी बांधा. प्लास्टिकवर आतून बारीक थेंब दिसत राहिले म्हणजे दमटपणा ठीक आहे. थेंब ओघळून पाण्याची धार लागत असेल तर रोज सकाळी अर्धा तास कड उघडा. देशावर जूनच्या कोरड्या वाऱ्यात हे झाकण नसेल तर काडी दोन दिवसांत पानं टाकते. कोकणात उलट: पाऊस थेट वाफ्यात पडू द्यायचा नाही.

काडी बनवणं आणि लावणं

१. धार लावलेली कात्री स्पिरिटनं पुसा. बोथट कात्रीनं काडी चेपते आणि चेपलेला भाग आधी कुजतो.

२. खालचा काप डोळ्याच्या (पान किंवा फांदी फुटते त्या जागेच्या) खाली अर्धा सेंटीमीटरवर, सरळ. वरचा काप डोळ्याच्या वर एक सेंटीमीटर, तिरका. यामुळे वर-खाली ओळखता येतं. उलटी लावलेली काडी जवळजवळ नेहमीच मरते, कारण ऑक्सिनचा प्रवाह एकाच दिशेचा असतो.

३. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि ती मोठी असतील तर अर्धी कापा. सगळी पानं काढणं ही चूक आहे, कारण पानंच मुळ्यांसाठी अन्न आणि ऑक्सिन करतात. सगळी ठेवणं ही दुसरी चूक, पाणी उडून काडी सुकते.

४. कठीण काडीला बुडाशी दोन बाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर लांब, फक्त सालीपुरता पातळ काप द्या. मुळ्या बहुतेक वेळा त्या जखमेच्या कडेनं येतात.

५. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या १ ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून निथळू द्या. माध्यमात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घालणार असाल तर ही पायरी सोडा, एकानं दुसरं मरतं.

६. वापराचं द्रावण छोट्या कपात २० ते ३० मिली ओता. काडीचं बूड दोन-अडीच सेंटीमीटर, ५ ते १० सेकंद बुडवा. मनात सात मोजा आणि काढा. उरलेलं द्रावण मूळ बाटलीत परत ओतू नका, त्यात काडीचा रस आणि बुरशी गेलेली असते.

७. पाच मिनिटं सावलीत ठेवा, अल्कोहोल उडू द्या.

८. पेन्सिलीनं आधी भोक पाडा, मग काडी घाला. थेट खुपसली तर औषध वरच घासून निघतं. कमीत कमी एक डोळा माध्यमाच्या आत हवा. बोटांनी घट्ट दाबा, झारीनं एकदा पाणी द्या आणि झाका.

प्रत्येक वेळी दहा काड्या संजीवकाशिवाय, फक्त अल्कोहोल-पाण्यात बुडवून, शेजारी लावा आणि पट्टीवर पेन्सिलीनं तारीख, झाड आणि मात्रा लिहा. शाई पावसात जाते. या दहा काड्यांशिवाय औषधानं फरक पडला की हवामानानं, हे कधीच कळणार नाही.

गुळवेल

करंगळीएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळे असलेली १५ ते २० सेंटीमीटरची काडी मे-जूनमध्ये घ्या. ५०० पीपीएम पुरतं, त्याशिवायही ती लागते. संजीवकानं मुळ्या लवकर आणि एकसारख्या येतात एवढाच फायदा. तीन-चार आठवड्यांत पिशवीत हलवता येते. गुळवेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. लाल फळं आणि पुढे बी हवं असेल तर दोन्ही प्रकारच्या वेलींच्या काड्या लावाव्या लागतात, त्यासाठी फुलोऱ्याच्या दिवसांत वेलींवर खूण करून ठेवा. काडी घेताना खोड पाहा. खोडभर टोकदार गाठी असलेली वेल गुळवेलीची बहीण आहे, गुळवेल नाही. ती भाजीसाठी लावू नका.

भारंगी

निळ्या-पांढऱ्या फुलांचं हे झुडूप उन्हाळ्यात वरून वाळतं आणि पावसाबरोबर बुडातून चौकोनी हिरवे फुटवे काढतं. जुलैच्या मध्यापर्यंत या फुटव्यांचा खालचा भाग घट्ट होतो, काडी तिथली घ्या. शेंड्याची घेऊ नका, तीन दिवसांत काळी पडते. लांबी १० ते १२ सेंटीमीटर, मात्रा १००० ते २००० पीपीएम. पानं मोठी असतात, म्हणून एकच जोडी ठेवून तीही अर्धी कापा. पाणी कमी द्या. पाच-सहा आठवडे धरून चाला.

करवंद

करवंदाची फांदी कापली की कापातून पांढरा चीक ठिबकतो आणि काही मिनिटांत घट्ट होऊन कापावर टोपीसारखा बसतो. या टोपीतून पाणीही आत जात नाही आणि संजीवकही. म्हणून कापलेल्या काड्या बूड खाली करून पाण्यात उभ्या ठेवा, अर्ध्या तासानं पाणी बदला, पुन्हा अर्धा तास ठेवा. लावायच्या आधी बुडाचा तीन-चार मिलिमीटरचा नवा काप घ्या, पाण्यानं धुवा, टिपा आणि लगेच द्रावणात बुडवा. यातला एक टप्पाही गाळू नका. करवंदं लागत नाहीत अशी जी तक्रार असते, तिचं मूळ अनेकदा या चिकात असतं.

काडी १५ सेंटीमीटर, काटे कात्रीनं छाटलेले, बुडाशी दोन बाजूंनी साल खरवडलेली. ३००० पीपीएमपासून सुरू करा आणि दुसरा गट ५००० चा ठेवा. तुमच्या जाळीला कोणती मात्रा मानवते हे त्या दोन गटांतून कळेल. धीर मात्र हवा: आठ ते बारा आठवडे. काडी हिरवी आणि ताठ आहे तोवर उपटून पाहू नका. चांगल्या हातालाही निम्म्या काड्या जातात, हिशेब तसाच धरा.

एकाच लाडक्या जाळीची दोन-चार रोपं हवी असतील तर गुटी कलम जास्त खात्रीचं आहे. जूनच्या शेवटी पेन्सिलीएवढ्या फांदीवर दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीचं सालीचं वेटोळं काढा, चीक ओल्या फडक्यानं पुसा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर पातीनं खरवडून टाका. वरच्या कडेला ३००० पीपीएमची भुकटी किंवा द्रावण लावा. भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीएवढं गुंडाळा, प्लास्टिकनं झाकून दोन्ही टोकं घट्ट बांधा. औषध वरच्या कडेलाच, कारण झाडाचं ऑक्सिन तिथे येऊन अडतं आणि मुळ्या तिथूनच निघतात. प्लास्टिकमधून तपकिरी मुळ्यांचं जाळं दिसलं की खालून कापा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही टपोऱ्या फळांची करवंदाची जात आहे. ती किंवा तुमच्या बांधावरची जाळी, पद्धत तीच.

कोकमाचा प्रश्न इथे हमखास निघतो. त्याला छाटकलम टाळा. त्याच्या आडव्या फांदीचं कलम आयुष्यभर आडवंच पसरतं, सरळ वाढणाऱ्या शेंड्याचंच कलम सरळ झाड देतं, आणि असे शेंडे एका झाडावर थोडेच असतात. त्याला कोवळ्या फांदीचं मृदुकाष्ठ कलम करतात, ते वेगळं काम आहे.

कळक

इथे काडी बुडवायची नाही, औषध पेरात ओतायचं. केरळच्या वन संशोधन संस्थेनं रुळवलेली ही पद्धत आहे आणि जाड पेरांच्या कळकाला ती छान लागू पडते. मानवेलीची पेरं बरीचशी भरीव असतात, तिथे तिचा उपयोग नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ. दोन-तीन वर्षांचा बांबू निवडा: या वर्षीच्या कोवळ्या बांबूवर खोळी चिकटलेल्या दिसतात, तो नको, आणि पांढरे-करडे डाग पडलेला म्हाताराही नको. बुडातून कापा, फांद्यांचे तीन ते पाच सेंटीमीटरचे खुंट ठेवून बाकी छाटा. खुंटांजवळचे डोळे दुखावू नका, नवी वाढ तिथूनच येते. मग दोन डोळे असलेले तुकडे करा, दोन्ही बाजूंना पाच-सात सेंटीमीटर जादा ठेवून.

दोन डोळ्यांच्या मधल्या पेरावर, बरोबर मध्यभागी, दोन सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद खिडकी कापा. एनएए १०० पीपीएमचं द्रावण १०० मिली आत ओता. कपाशीची फूलगळ थांबवायला कृषी सेवा केंद्रात ४.५ टक्के एनएए मिळतं, ते एक लिटर पाण्यात २.२ मिली घातलं की जवळपास १०० पीपीएम होतं. लेबलवरची टक्केवारी आधी वाचा. ओतल्यावर खिडकीवर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून बांधा.

तुकडा वाफ्यात आडवा, खिडकी वर करून ठेवा. तिरपा झाला तर औषध एका डोळ्याकडे जमतं. वर दोन-तीन सेंटीमीटर माती-वाळू आणि त्यावर भाताचा पेंढा. सकाळ-संध्याकाळ पाणी. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात आणि त्यांना पाहून घाई होते. थांबा. कोंब आधी येतो, मुळ्या नंतर. तीन महिन्यांआधी तुकडा हलवू नका, मग मधून कापून दोन रोपं करा.

फुलोऱ्यावर आलेल्या बेटाचा तुकडा कधीही घेऊ नका. कळक काही दशकांनी एकदाच फुलतो आणि मग सगळं बेट मरतं. तुकड्याचं वय बेटाएवढंच असतं, तोही फुलून मरेल. कोंब भाजीला घेताना चिरून उकळा आणि ते पाणी टाकून द्या, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

काय बिघडलं ते काडीवरून ओळखा

बुडाचा एखादा सेंटीमीटर काळा, पण कोरडा आणि टणक, वरचा भाग हिरवा: मात्रा जास्त झाली किंवा काडी द्रावणात जास्त वेळ राहिली. अशा काडीला कधी काळ्या भागाच्या वर मुळ्या येतात, फेकू नका. पुढच्या वेळी मात्रा निम्मी करा.

बूड मऊ, ओलं, वास येतो आणि काळेपणा वर चढतोय: कुज. पाणी जास्त, माध्यम जुनं किंवा काडी कोवळी. ती आणि तिच्या दोन्ही शेजारणी काढून टाका.

बुडाला पांढरा फुगीर गोळा, मुळी नाही: जखम भरली, पण इशारा कमी पडला. गोळ्याची कड खरवडून एक पायरी वरची मात्रा लावा आणि परत लावा.

वर पालवी जोरात, ओढली तर काडी अलगद निघते: साठलेलं अन्न पालवीत खर्च झालं, मुळ्या नाहीत. पालवीचा अर्धा भाग खुडा आणि सावली वाढवा. पालवी म्हणजे यश नाही. हलकं ओढल्यावर काडी अडली पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात सगळी पानं पिवळी पडून गळली: दमटपणा तुटला किंवा ऊन थेट आलं.

पिशवीत आणि बांधावर

मुळ्या दोन-तीन सेंटीमीटर झाल्या की माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक, वाळू एक अशा मिश्रणात पाच बाय सात इंचाच्या पिशवीत लावा. त्याहून लांब होऊ दिल्या तर काढताना तुटतात. प्लास्टिकचं झाकण एकदम उचलू नका: पहिले तीन दिवस सकाळी तासभर, मग अर्धा दिवस, दहाव्या दिवशी पूर्ण. सावलीतून उन्हात नेतानाही असंच. पावसाळ्यात लागलेली करवंदं हिवाळाभर पिशवीत सांभाळा आणि पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावा. संजीवक लावलेल्या काडीवरची मूळची पानं भाजीला घेऊ नका. पिशवीतून जमिनीत गेल्यावर आलेली नवी वाढ, तीही पुढच्या हंगामापासून, घ्या.

करवंदाचं कुंपण करायचं तर दोन रोपांत एक ते दीड मीटर, कळकाच्या बेटांत कमीत कमी पाच मीटर. गुळवेलीला जिवंत आधार द्या, कडुनिंब असेल तर उत्तम. एकाच जाळीच्या पन्नास काड्या लावल्या तर ती पन्नास झाडं नसून एकच झाड आहे, एक रोग सगळ्यांना घेऊन जातो. म्हणून पाच-सहा वेगळ्या जाळ्यांच्या काड्या घ्या आणि बांधावर लावताना त्या एकमेकांत मिसळून लावा.